पंखाच्या कडेची फट

छोटं विमान आखूड मैदानात उतरवायचं, तर आधी त्याला सावकाश उडता आलं पाहिजे. जमिनीला टेकताना वेग निम्मा असेल, तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा चौथा हिस्साच उरते. पण वेग घटला की विमान तोलून धरायला नाक वर करावं लागतं, आणि हा कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की हवेचा प्रवाह पंखाची पाठ सोडतो. वैमानिक याला 'स्टॉल' म्हणतात. विमान तोललं जात नाही, खाली येतं.

१९१७ साली गुस्टाव लाखमान हा तरुण जर्मन वैमानिक असाच कोसळला. इस्पितळात पडल्यापडल्या त्याला उपाय सुचला. पंखाच्या पुढच्या कडेलगत एक लांबट फट ठेवायची. खालची हवा तिच्यातून जोराने वर येते, पाठीवरच्या मंदावलेल्या थराला वेग देते आणि प्रवाह बऱ्याच मोठ्या कोनापर्यंत पंखाला धरून राहतो. १९१८ साली त्याने केलेला पेटंटचा अर्ज मात्र फेटाळला गेला.

इंग्लंडमध्ये विमाननिर्माते फ्रेडरिक हँडली पेज स्वतंत्रपणे याच फटीपाशी पोचले होते. १९२० मध्ये लंडनच्या क्रिकलवुड इथे त्यांनी ती विमानावर बसवून उडवून दाखवली. ते कळताच लाखमानने ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्याकडून चाचणी करवून घेतली आणि आपलं पेटंट मिळवलं. दोघे भांडत बसले नाहीत. त्यांनी हक्क एकत्र केले आणि १९२९ साली लाखमान हँडली पेज यांच्याच कंपनीत रुजू झाला.

फट सतत उघडी राहिली तर वेगात ती नडते. म्हणून फटीपुढची कडेची पट्टी, म्हणजे 'स्लॅट', सरकती झाली. टायगर मॉथ या दुपंखी प्रशिक्षण विमानाच्या वरच्या पंखावर ती दिसते. जमिनीवर हाताने ओढली तर सहज पुढे येते. वेगात उडताना समोरची हवा तिला पंखाशी दाबून ठेवते. वेग घटून नाक उचललं, की कडेवर निर्माण झालेलं शोषण तिला आपोआप बाहेर खेचतं. दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलाचे वैमानिक याच विमानावर उडायला शिकले, आणि १९४२ मध्ये ब्रह्मदेशात त्यांनी उडवलेल्या लायसँडर विमानालाही असेच स्लॅट होते.

१९३६ च्या जर्मन 'श्टोर्ख' विमानाने तर पंखाच्या अख्ख्या कडेला कायमचा स्लॅट लावला, मागच्या कडेला खाली झुकणारे मोठे फ्लॅप जोडले आणि ताशी सुमारे ५० किलोमीटरपर्यंत वेग खाली आणला. समोरून वारा असेल तर ते जेमतेम २० मीटरांत थांबे.

आखूड मैदानातून उठायला दमदार इंजिन उपयोगी पडतं, पण तिथे सुखरूप उतरवतो तो पंखच. विमान निवडताना इंजिनाची अश्वशक्ती विचारण्याआधी ते किती सावकाश उडू शकतं, हे विचारावं.