निवृत्तीनंतर गावात घर बांधायचंय? जागा ‘काळीत’ घ्यायची की ‘पांढरीत’, आधी हे तपासा

नोकरी छत्रपती संभाजीनगरात, पुण्यात किंवा मुंबईत झालेली असते. मुलं तिथेच शिकतात, तिथेच कामाला लागतात. पण निवृत्ती जवळ आली की घरात विषय निघतोच: गावाकडं थोडी जागा बघू, दोन खोल्या बांधू, दारात लिंबाचं झाड लावू. बीड जिल्ह्यात हा विषय जास्तच निघतो, कारण कामासाठी बाहेर पडणाऱ्यांचा हा जिल्हा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, नोकरदार तीस-पस्तीस वर्षांनी.

गेवराई तालुक्यातलं उमापूर हे असंच एक गाव. तिथे, किंवा मराठवाड्यातल्या अशाच कुठल्याही गावात, निवृत्तीच्या घरासाठी जागा शोधायची तर सुरुवात कुठून करायची? जागा मिळतेच. अडचण होते ती कागदांवर, आणि तीही बहुतेकदा इसाराचे पैसे देऊन झाल्यावर कळते.

गाव तुमचं, पण कायद्यानं तुम्ही कोण?

कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा, अँटिग्वा यांसारख्या बेटांवर निवृत्तीचं घर बांधायला परदेशातून लोक जातात. तिथे परदेशी माणसाला जमीन घ्यायची असेल तर आधी सरकारचा खास परवाना लागतो. आपल्या गावात जमीन घ्यायला कसला आलाय परवाना, असं कुणालाही वाटेल. पण इथेही कायदा आधी तुम्ही कोण हे विचारतो.

महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकरीच विकत घेऊ शकतो. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मराठवाड्यात यासाठी ‘हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०’ लागू आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४८चा, तर विदर्भात १९५८चा वेगळा कायदा आहे. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६मध्ये मुंबई राज्यात आला, त्यामुळे हा फरक राहिला.

इथेच अनेकजण अडकतात. जन्म उमापूरचा, शाळा उमापूरची. पण वडिलांनी मुलीच्या लग्नासाठी किंवा दुष्काळात जमीन विकली असेल आणि आज राज्यातल्या एकाही सातबाऱ्यावर तुमचं नाव नसेल, तर खरेदीच्या वेळी ‘शेतकरी असल्याचा पुरावा’ द्यायचा कुठून? म्हणून पहिलं काम म्हणजे स्वतःचं किंवा वारसाहक्कानं मिळू शकणारं नाव कुठल्या सातबाऱ्यावर आहे का, हे बघणं. वडिलोपार्जित जमीन शिल्लक असेल पण वारसनोंद झाली नसेल, तर ती आधी करून घ्यावी.

परदेशात स्थायिक झालेल्यांसाठी नियम आणखी कडक आहे. परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक भारतात घर, फ्लॅट, बिगरशेती प्लॉट घेऊ शकतात. शेतजमीन, मळे आणि फार्महाऊस मात्र त्यांना विकत घेता येत नाही. अशी जमीन वारसाहक्कानं मिळू शकते.

काळी आणि पांढरी म्हणजे काय?

गावाच्या जमिनीसाठी जुने दोन शब्द आहेत. पिकाखालची जमीन म्हणजे ‘काळी’ आणि वस्तीची जागा म्हणजे ‘पांढरी’. आजच्या सरकारी भाषेत सांगायचं तर काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. घरासाठीची जागा या दोनपैकी कशात आहे, यावर पुढची सगळी कागदपत्रं ठरतात. काळीतल्या जागेचा पुरावा सातबारा असतो. पांढरीतल्या जागेला सातबारा नसतो.

काळीत दोन गुंठे मिळतील का?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोघांच्या घराला आणि अंगणाला दोन-तीन गुंठे पुरतात. पण शेतजमिनीतून एवढा तुकडा काढून विकायला तुकडेबंदीचा १९४७चा कायदा आडवा येतो. ऑगस्ट २०२३च्या अधिसूचनेनुसार बीडसह बहुतेक जिल्ह्यांत जिरायत जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे आहे. म्हणजे जिरायतीत किमान अर्धा एकर घेतल्याशिवाय सरळ व्यवहार होत नाही.

२०२५मध्ये शासनानं या कायद्यात मोठी सूट दिली. त्यानंतर ‘आता कुठेही एक गुंठा घ्या’ असे मेसेज फिरू लागले. ही सूट मुख्यतः शहरी हद्दीतल्या आणि नियोजन आराखड्यात निवासी किंवा इतर बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनींसाठी आहे. शेतीसाठीच असलेल्या जमिनीचा तुकडा त्यामुळे आपोआप कायदेशीर होत नाही. तुम्ही बघितलेला गट नंबर यात बसतो का, हे तहसील कार्यालयात विचारूनच ठरवावं.

नियम चुकवण्यासाठी गावोगाव दोन वाटा सुचवल्या जातात. एक, शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून ताबा घेणं. दोन, आठ-दहा अनोळखी लोकांनी मिळून अर्धा एकर सामायिक खरेदी करणं. नोटरीच्या कागदानं मालकी मिळत नाही आणि सातबाऱ्यावर नावही लागत नाही. सामायिक खरेदीत नाव लागतं, पण तुमचे दोन गुंठे नेमके कोणते हे कागदावर कुठेच नसतं. पुढे एका हिस्सेदाराचं बिनसलं की वाटपाचा दावा सगळ्यांच्याच मागे लागतो.

त्यापेक्षा तीन मार्ग सरळ आहेत:

- एनए प्लॉट: बिगरशेती झालेला आणि रेखांकन मंजूर असलेला प्लॉट शेतकरी नसलेल्यालाही घेता येतो. विक्रेत्याकडून एनए आदेश आणि मंजूर नकाशा या दोन्हींची प्रत मागावी. ‘एनए होणार आहे’ म्हणजे अजून झालेलं नाही.
- गावठाणालगतची जमीन: महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी बिगरशेती करण्याची पद्धत सोपी आहे. त्यासाठी ठरलेली रक्कम भरावी लागते.
- शेतघर: तुम्ही शेतकरी असाल आणि पुरेशी जमीन घेणार असाल, तर शेतात राहण्यासाठी शेतघर बांधता येतं. अवजारं, धान्य, जनावरं आणि कुटुंबाचा निवारा यासाठी ते असतं. ती जमीन शेती म्हणूनच राहते.

पांढरीतलं जुनं घर घेतलं तर?

निवृत्त माणसाला गावात राहणं अनेकदा सोयीचं पडतं. किराणा, देऊळ, पार, शेजार सगळं हाकेच्या अंतरावर असतं. पण गावठाणातले कागद नीट वाचायला हवेत.

ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ ही घरपट्टी आकारणीची नोंद आहे. नावात साम्य असलेला ‘आठ-अ’ हा महसुलाचा खातेउतारा वेगळा. तो शेतजमिनीचा असतो. नमुना ८ वर नाव आहे म्हणजे तो माणूस कर भरतो, एवढंच सिद्ध होतं. मालकीसाठी जुनं खरेदीखत, वाटणीपत्र किंवा मिळकत पत्रिका लागते. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्रानं सुरू केलेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. महाराष्ट्रात त्याआधीच पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात असा प्रयोग झाला होता. ज्या घराची मिळकत पत्रिका तयार आहे, त्याचा व्यवहार तुलनेनं सोपा जातो.

जुनं घर दगड-मातीचं आणि वर माळवद असेल, तर ते तसंच ठेवून राहायचा विचार करू नये. माळवदावर मातीचा जाड थर असतो. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात अशीच जड छपरं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळून हजारो माणसं दगावली. अभियंत्याला दाखवून ती मजबूत करून घ्यावीत, नाहीतर नव्यानं बांधावं.

सातबाऱ्यावर कुठे बघायचं?

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. विक्रेत्यानं दिलेल्या झेरॉक्सवर न थांबता तो स्वतः काढावा. त्यावर चार गोष्टी बघायच्या.

भोगवटादार वर्ग: वर्ग १ म्हणजे विकायला सहसा आडकाठी नाही. वर्ग २ म्हणजे विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.

इनामाची नोंद: मराठवाड्यात हे विशेष महत्त्वाचं आहे. निजाम काळात मदतमाश, खिदमतमाश अशा इनामी जमिनी दिल्या गेल्या. देवस्थान, मशीद किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी विकता येत नाहीत. शंका आली तर जुने फेरफार आणि १९५४-५५चं खासरा पत्रक काढून बघावं.

इतर हक्क: बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम इथे दिसतो.

वारस: २००५च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला. वडील २००५पूर्वी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. म्हणून जमीन भावांच्या नावावर असली तरी बहिणींचं काय, हे विचारायलाच हवं. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर बहिणींच्या सह्याही खरेदीखतावर घ्याव्यात. ही गोष्ट भावाच्या भिडेपोटी राहून जाते आणि दहा वर्षांनी कोर्टाची नोटीस येते.

पाणी, पाया, रस्ता

कागद नीट निघाले की मग शिवार बघायचं, आणि तेही शक्यतो मे महिन्यात. पावसाळ्यात सगळीच जमीन हिरवी दिसते. गेवराई तालुक्यात गोदावरीचा काठ आणि जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी एकीकडे, तर कोरडवाहू माळ दुसरीकडे, असे दोन चेहरे आहेत. शेजारच्या विहिरींना आणि बोअरला मेमध्ये किती पाणी असतं, टँकर कधी लागतो, हे आसपासच्या लोकांना विचारावं. स्वतःचं बोअर घेऊ असं गृहीत धरू नये. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर कायद्यानं बंधन आहे.

पाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. सप्टेंबर २०२५मध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला आणि गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं. नदी-ओढ्याजवळची जागा स्वस्त मिळत असेल, तर त्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं ते जागेवर उभं राहून विचारावं.

काळी कसदार माती पिकाला चांगली, पण घराला त्रासदायक. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया असेल तर भिंतींना तडे जातात. खाली मुरूम किती फुटांवर लागतो, हे एक खड्डा घेऊन बघावं. त्यावर पायाचा खर्च ठरतो.

रस्ता बैलगाडीपुरता आहे की रुग्णवाहिका दारापर्यंत येईल, हा प्रश्न सत्तरीत फार मोठा होतो. रस्ता दुसऱ्याच्या बांधावरून असेल तर तोंडी शब्दावर राहू नये. त्याची नोंद असावी. १०८ला फोन केल्यावर गाडी किती वेळात येते, गेवराईला किंवा सुमारे ३५ किलोमीटर पुढे बीडला पोहोचायला रात्री किती वेळ लागतो, हे एकदा स्वतः जाऊन बघावं. १७ सप्टेंबर २०२५पासून बीड–अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली आहे. ‘रेल्वे आली, आता भाव वाढणार’ असं जागा विकताना सांगितलं जाईल. जिथे राहायला जायचं आहे, तिथे भाव वाढण्यापेक्षा दवाखाना जवळ असणं जास्त कामाचं.

इसार देण्याआधी हा क्रम ठेवा

१. सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः काढा. जुने फेरफार तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, समजून घ्या.

२. वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. लपलेला वारस किंवा आधीचा इसार यातून पुढे येतो.

३. भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. कागदावरचे २० गुंठे जागेवर १७ भरतात, असंही होतं.

४. त्यानंतरच इसार द्या. रक्कम बँकेतून द्या आणि करारात मुदत व परवानग्यांची अट लिहून घ्या.

५. खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

६. बांधकाम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीकडे परवानगीबाबत विचारा.

हे सगळं करायला काही महिने लागतात. म्हणून निवृत्तीच्या दिवसाची वाट न बघता दोन-तीन वर्षं आधी, पगार चालू असताना, सुरुवात केलेली बरी. ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे एकदाच हातात येतात. ते इसारात अडकले, तर परत मिळवण्यासाठी पुन्हा नोकरीची तीस वर्षं मिळत नाहीत.