गलबताचें आंतील अस्तर

माणगांवच्या वायव्येस, राजपुरीच्या खाडीनजीक कुडें येथील प्राचीन लेणीं आहेत. तेथील दानलेखांत लेखक, वैद्य, माळी, सार्थवाह आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी हे सर्व आढळतात. तारवें दुरुस्त करणारा सुतार मात्र आढळत नाहीं. त्याची विद्या लाकडावरूनच वाचली पाहिजे.

जुन्या गलबतास खाऱ्या पाण्याहून पावसाचें गोडें पाणी अधिक घातक. तें आंतील अस्तराच्या फळ्यांमागें मुरतें, वारा लागत नाहीं, आणि वांक म्हणजे गलबताच्या फासळ्या कुजूं लागतात. यास्तव अस्तर उतरवून वांक तपासणें, कुजका भाग काढून सागाचा सांधा देणें व नवें अस्तर बसवितांना वाऱ्यास वाट ठेवणें, हा दुरुस्तीचा क्रम होय.

मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं १८१७ सालीं बांधलेली सागवानी 'त्रिंकोमाली' युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें १९९० ते २००१ या काळांत जीर्णोद्धार होऊन आजही पाण्यावर उभी आहे. वाडियांचें नांव तिजबरोबर राहिलें; आमच्या खाड्यांवरील कारागिरांचें राहिलें नाहीं. आरमाराच्या इतिहासांत लढायांइतकाच दुरुस्तीचा जमाखर्चही दफ्तरांतून शोधिला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.