माऊस डाव्या हातचा
डग्लस एंगलबार्ट व बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत घडविलेला पहिला माऊस म्हणजे जवळजवळ लाकडी ठोकळाच होता. पुढे हाताला आराम मिळावा म्हणून अंगठ्यापाशी खोलगट, करंगळीकडे उतरता असा आकार आला. पण तो उजव्या हातासाठी. लोकसंख्येत सुमारे दहा टक्के असलेले डावखुरे त्याला मुकले. संगणकाच्या सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करता येते, आकाराची नव्हे.

दोन्ही बाजू सारख्या असलेला माऊस कोणत्याही हाताला चालतो, मात्र त्यावर तळहात पालथा राहतो. त्या स्थितीत कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे एकमेकांवर तिरकी येतात आणि तासन्‌तास काम केल्यास स्नायूंवर ताण पडतो. हस्तांदोलनासारखा उभा धरायचा माऊस हा ताण हलका करतो. त्याची डावी आवृत्ती काढायची तर साचाच वेगळा लागतो, म्हणून अनेक कंपन्या ती टाळतात. लॉजिटेकने २०२२ मध्ये ‘लिफ्ट’ आणताना डावी आवृत्तीही दिली.

डावखुऱ्यांचा एक लाभ मात्र सहसा कुणी सांगत नाही. आकड्यांची बटणे कीबोर्डच्या उजव्या टोकाला असल्याने उजव्या हाताला माऊससाठी बाहेर ताणावे लागते. डावीकडचा माऊस शरीराजवळ राहतो.