परत आलेल्या अठरा किलोंचा इतिहास

ऑपरेशननंतर चौथ्या वर्षी मी घरातला वजनकाटा पलंगाखाली सरकवला. त्याआधी रोज सकाळी मी त्याच्यावर उभी राहायची. ११६ किलोंवरून दीड वर्षात मी ७४ वर आले होते, तेव्हा त्या काट्याइतकं जवळचं मला कुणी वाटत नव्हतं. मग ७६ झाले, ८१ झाले, ८५ झाले आणि मी मोजणंच सोडलं. दोन वर्षांनी तो पलंगाखालून बाहेर काढला तेव्हा आकडा होता ९२. अठरा किलो परत आले होते.

तळोद्यासारख्या गावात वजन ही खासगी गोष्ट नसते. उतरत होतं तेव्हा बाजारात चार जणी थांबवून म्हणायच्या, 'किती बारीक झालीस गं!' वाढायला लागल्यावर त्याच चार जणी भाजीचे भाव विचारून पुढे जायला लागल्या. त्यात आमचा जिल्हा. नंदुरबारचं नाव पेपरात येतं ते बहुतेक वेळा कुपोषणाच्या बातमीत. वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अंगणवाडीताई मुलांच्या दंडाला पट्टी लावून कोण किती खंगलंय ते बघतात. आणि खाली तळोद्यात मी पैसे मोजून पोट लहान करून घेते आणि तरी पुन्हा जाड होते. या लाजेपायी मी दोन वर्षं तपासणीला गेले नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आणल्या नाहीत. 'डॉक्टर काय म्हणतील?' एवढीच भीती होती.

मी शाळेत इतिहास शिकवते. एखादी गोष्ट का घडली हे कळेनासं झालं की मी सनावळ्या काढून बसते. यावेळी स्वतःच्या पोटाची काढली.

सुरुवात सापडली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात, नोव्हेंबर १९४४ मध्ये. युरोपात युद्धामुळे उपासमार चालू होती आणि उपाशी माणसांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालायचं हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे हे तरुण स्वखुशीने आले होते. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास पाव भागाने उतरलं. ते रात्रंदिवस अन्नाचाच विचार करत. पण मला खिळवलं ते त्यानंतरच्या काळाने. पोटभर जेवण मिळू लागल्यावरही त्यांची भूक कित्येक आठवडे शमेना. पोट गच्च भरलेलं असायचं, तरी भूक लागलेली असायची. अंगावरची चरबी आधी होती त्याहून जास्त झाली. ही सगळी निरोगी, ठाम विचारांची, तत्त्वासाठी तुरुंगात जायची तयारी असलेली माणसं होती. त्यांना 'मनोनिग्रह नाही' असं कोण म्हणेल?

याच विद्यापीठातल्या शल्यविशारदांनी दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, वजन उतरवण्यासाठी आतड्याचा मोठा भाग वगळण्याचं ऑपरेशन प्रसिद्ध केलं. वजन उतरायचं, पण जुलाब, मुतखडे, यकृताचे आजार मागे लागायचे. ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. मग आले एडवर्ड मेसन. त्यांचं शिक्षणही मिनेसोटातच झालेलं. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं आणि ते सहज परत चढत नाही, हे ध्यानात घेऊन त्यांनी १९६६ मध्ये आयोवात पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. म्हणजे 'चढत नाही ना?' हा प्रश्न या शस्त्रक्रियेच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे.

त्याचं उत्तर स्वीडनमध्ये मिळालं. तिथे १९८७ पासून हजारो रुग्णांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. २००७ मध्ये त्यांनी आकडे छापले. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनंतर ती घट २५ टक्क्यांवर आली होती. पट्टी बसवलेल्यांची २० वरून १४ वर. थोडं परत येणं हा नियमच होता! पण त्याच अहवालात दुसरी गोष्टही होती: थोडं वजन परत येऊनसुद्धा, शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी होतं. अठरा किलो परत आले म्हणजे सगळं वाया गेलं, हा माझा हिशेब चुकीचा होता. ११६ पैकी २४ किलो अजूनही गेलेलेच होते.

माझी शस्त्रक्रिया 'स्लीव्ह' नावाची. यात जठराचा मोठा भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. ते मुख्यतः याच काढलेल्या भागात तयार होतं. म्हणून पहिलं वर्ष सोपं जातं. पण भूक एकट्या घ्रेलिनवर चालत नाही, आणि वजन उतरल्यावर शरीर आधीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करायला लागतं. वाचताना आणखी एक गोष्ट कळली. २००० च्या आसपास अतिशय वजनदार रुग्णांवर एकदम मोठं ऑपरेशन धोक्याचं म्हणून ते दोन टप्प्यांत करत; स्लीव्ह हा त्यातला पहिला टप्पा होता. बऱ्याच जणांचं वजन तेवढ्यानेच इतकं उतरलं की दुसऱ्याची गरज पडली नाही, आणि स्लीव्ह स्वतंत्र ऑपरेशन झालं. मी मात्र त्याला शेवटचा टप्पा धरून बसले होते.

ही सगळी परदेशातली माणसं. माझ्या घरात या इतिहासाचं काय? तर आई.

आईचं माहेर साक्री तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. दुष्काळी कामावर माती वाहिली, कामावर मिळणारी सुकडी खाल्ली, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी खाल्ली. तिच्या आजीने छप्पन्या पाहिलेला, म्हणजे १८९९-१९०० चा, संवत १९५६ चा दुष्काळ. ताटात काही उरलेलं आईला आजही बघवत नाही. 'खाई ले बेटा' हे तिचं मला सांगणं मी कधीच निव्वळ लाड म्हणून ऐकलेलं नाही. आणि योगायोग बघा: ज्या बीएमआयच्या आकड्यावर माझं ऑपरेशन ठरलं, त्याला ते नाव दिलं अँसेल कीज यांनीच, १९७२ मध्ये.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ ची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून. वरून बारीक, आतून लठ्ठ. पिढ्यान्‌पिढ्यांचं अपुरं पोषण याच्यामागे कितपत आहे, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, आणि माझ्या अठरा किलोंचं बिल मी आईच्या दुष्काळावर फाडणार नाही. तरी वरचे पाडे आणि माझं घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला आता वाटत नाही. वाईट दिवसांसाठी साठवून ठेवणारं शरीर दोन्हीकडे तेच आहे.

सनावळी इथपर्यंत आली तेव्हा मी तपासणीची वेळ घेतली. आधी मात्र मोबाईलवर बघून तीनदा 'पोट रीसेट' करून झालं होतं: पाच दिवस फक्त पातळ पदार्थ. दोन किलो उतरायचे, आठवड्यात परत यायचे. आहारतज्ज्ञ बाईंनी शांतपणे सांगितलं की याने जठर लहान होतं याला काही पुरावा नाही. त्यांनी किती खातेस हे विचारलं नाही; काय आणि कधी, ते विचारलं. तेव्हा कळलं की भाकरी-डाळीने मी लवकर थांबते, पण चहात बुडवलेली खारी, शेव, आईस्क्रीम हे सगळं त्या नळीतून अलगद उतरतं. मी जेवत कमी होते आणि दिवसभर चरत होते. रक्तात बी-१२ आणि लोह दोन्ही कमी निघाले. थकवा यायचा, म्हणून चालणं बंद, म्हणून पुन्हा खारी.

आता ताटात आधी प्रथिनं: अंडं, तुरीच्या डाळीचे फुणके, तापीतली मासळी. मग थोडी कळण्याची भाकरी. तिच्यात उडीद असतोच. जेवताना पाणी नाही. गोळ्या रोज. संध्याकाळी चालणं. २०२५ मध्ये भारतात आलेल्या वजनाच्या इंजेक्शनांबद्दलही डॉक्टरांशी बोलणं झालं. गरज पडली तर तोही एक टप्पा, असं ठरलं आहे. त्यांनी मला एकदाही रागावलं नाही. दोन वर्षं मी ज्या बोलण्याला घाबरत होते, ते कुणी बोललंच नाही.

आठ महिन्यांत ८६ वर आले आहे. ७४ पुन्हा दिसेल का, माहीत नाही. काटा पलंगाखालून निघून दाराशी आला आहे. त्याच्यावर मी आठवड्यातून एकदाच, रविवारी उभी राहते. आकडा वहीत लिहिते, वर किंवा खाली, आणि फुणक्यांसाठी डाळ भिजत घालते.