घडवलेला देह आणि राखलेला देह : केस व निऱ्या यांचा इतिहास

अंबरनाथच्या शिवालयातील कोरीव लेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, या काळाची नोंद आहे. शिलाहार राजा मम्मुणी याच्या काळातील या भूमिज शैलीच्या मंदिराच्या बाह्यांगावर स्त्रीप्रतिमा आहेत. भरलेले वक्ष, कृश कटी, देहाला दिलेला बाक आणि निगुतीने बांधलेली केशरचना ही अशा प्रतिमांची परिचित लक्षणे. या देहाला वय नाही, बाळंतपण नाही, भूकही नाही. मंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरच्या दाट वस्तीतून जाते. तेथील किंवा बदलापूरच्या एखाद्या घरात मुलीचे स्थळ पाहताना जी भाषा वापरली जाते, तिचा या शिल्पांशी थेट वंशसंबंध सांगता येणार नाही. तथापि दोन्हींमागील दृष्टीत एक साम्य आहे. रेखीव, कोरीव, घाटदार, बांधेसूद ही मराठीतील देहस्तुतीची विशेषणे रेषा, छिन्नी, घाट आणि बांधकाम यांच्या परिभाषेतून आलेली आहेत. देह ही कोणा दुसऱ्याच्या हातची घडण आहे, हे या शब्दांचे गृहीतक होय. ‘निमगोरी’, ‘सडपातळ’, ‘नाकीडोळी नीटस’ हे विवाहविषयक जाहिरातींतील शब्द त्याच घडणीचे मोजमाप देतात.

मोजमाप जर बाहेरचे असेल, तर आत्मस्वीकार म्हणजे काय? हा प्रश्न आज बहुधा मानसशास्त्राच्या अंगाने विचारला जातो : स्त्रीने आपला वर्ण, आपला बांधा मनाने मान्य करावा. महाराष्ट्रातील स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास पाहता मात्र हा प्रश्न आधी मनाचा नव्हता. तो अधिकाराचा होता.

एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मण विधवेच्या बाबतीत घडणीचे रूपांतर उघडउघड विद्रूपीकरणात झालेले दिसते. केशवपन हा केवळ विधी नव्हता. तो देहावर कायम वागवायचा निवाडा होता, आणि ‘बोडकी’ हा शब्द एकाच वेळी वर्णन, दर्जा व शिवी असे तिहेरी काम करी. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिताना ताराबाई शिंदे यांनी या निवाड्याची दिशाच उलटी केली. बायको मेल्यावर नवऱ्याने दाढीमिशा भादरून रानात का जाऊ नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. येथे उपरोध आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, पुरुषाचा देहही मोजता येतो हे त्या दाखवून देतात. मोजणारा प्रथमच मोजला जातो. पुढे १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे वपन करण्यास नकार दिला. ज्याच्या हातात वस्तरा होता, त्यानेच हात आखडता घेतला.

तरीही वस्तरा थांबणे आणि स्त्रीने स्वतः केस राखणे या दोन भिन्न घटना आहेत. दुसरीचा महत्त्वाचा पुरावा पार्वतीबाई आठवले यांच्या ‘माझी कहाणी’ (१९२८) या आत्मचरित्रात सापडतो. १८७० मध्ये जन्मलेल्या पार्वतीबाई विसाव्या वर्षाच्या सुमारास विधवा झाल्या. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेसाठी त्यांनी गावोगाव निधी जमवला. केस राखण्याचा निर्णय त्यांनी घेतला तो १९१२ मध्ये, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. हा कालक्रम अर्थपूर्ण आहे. तारुण्य ओसरलेले, पुनर्विवाहाचा प्रश्न नाही, आणि सार्वजनिक कार्यात वर्षे गेलेली; अशा अवस्थेत राखलेल्या केसांना शृंगाराचा अर्थ चिकटवणे कठीण होते. सुंदर दिसण्याचा हक्क त्या मागत नाहीत. आपल्या देहावर दुसऱ्याने लिहिलेला मजकूर त्या पुसतात. यानंतर काही वर्षांनी, १९१८ मध्ये, त्या अमेरिकेस गेल्या. मराठी समीक्षेने अशा आत्मकथनांचे वाचन प्रामुख्याने त्याग आणि सोशिकपणा यांच्या अंगाने केले. त्यामुळे देहाविषयीचा हा निर्णय सुधारणेच्या कथेतील एक तपशील म्हणून मागे पडला.

येथवरचा इतिहास मुख्यतः उच्चवर्णीय स्त्रीचा आहे, आणि तो सार्वत्रिक मानणे चुकीचे ठरेल. केशवपनात देहावरून काही काढून घेतले जाई. दलित स्त्रीच्या देहावर उलट खुणा लादल्या जात. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये नोंदवले आहे की, महार स्त्रीला लुगड्याचा काठ दिसेल अशा निऱ्या घालण्याची मुभा नव्हती; काठ आत दडवावा लागे. चांगले वस्त्र अंगावर असले तरी ते दिसता कामा नये, असा हा नियम. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांना जातीची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत व दागिने टाकून देण्यास सांगितले, आणि अनेकींनी ते तत्काळ अमलात आणले. या बदलाला उच्चवर्णीयांचे अनुकरण म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या वस्त्रावर दर्जाचा पहारा होता, ते नेसणे ही त्या पहाऱ्याचीच अवज्ञा होती. पार्वतीबाईंना उघडे केलेले मस्तक झाकायचे होते. महाडच्या स्त्रियांना दडवलेला काठ उघड करायचा होता. कृती परस्परविरुद्ध, प्रश्न एकच : या देहावर लिहिण्याचा अधिकार कोणाचा?

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या काळातील एक घटना बोलकी आहे. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. गोरेपणाचा शब्द गेला. चेहरा अपुरा आहे आणि तो विकत आणलेल्या वस्तूने पुरा करायचा आहे, ही धारणा राहिली. आत्मस्वीकाराचे आवाहनही याच बाजारातून येऊ लागते, तेव्हा स्त्रीवर आणखी एक जबाबदारी पडते. देह सुधारायचा, आणि तो न सुधारल्याचे दुःखही करायचे नाही. दोन्हींत मोजणारा अदृश्यच राहतो.

ताराबाईंनी त्याला दृश्य केले होते. पार्वतीबाई आणि महाडच्या स्त्रिया यांनी स्वीकार हा मनातल्या मनात केला नाही. तो चारचौघांत केला, आणि त्यामुळेच तो इतिहासाचा विषय होतो. स्त्रियांच्या आत्मकथनांचे वाचन करताना भावनांच्या नोंदींइतकेच केस, काठ, निऱ्या यांच्या नोंदींकडे लक्ष दिले, तर ‘स्वतःला स्वीकारणे’ या आज सैल झालेल्या शब्दप्रयोगाला त्याचा मूळचा कठीण अर्थ परत मिळू शकेल.