मळणी यंत्राचा पट्टा आणि संबंधित भाग कधी बदलावेत?

सोयाबीनची गंजी लागलेली असते, परतीच्या पावसाचे ढग दिसू लागतात आणि नेमका त्याच वेळी मळणी यंत्राचा पट्टा तुटतो. त्या मापाचा पट्टा जवळच्या दुकानात लगेच मिळेलच असे नाही. गंजी भिजली तर दाण्यावर बुरशी येते, रंग बिघडतो आणि बाजारात भाव कमी मिळतो. म्हणून पट्टा तुटण्याची वाट न पाहता हंगाम सुरू होण्यापूर्वीच तो तपासा.

पट्टा काम कसे करतो?

बहुतेक मळणी यंत्रांत व्ही-पट्टे असतात. व्ही-पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी घट्ट बसतो आणि बाजूंच्या पकडीवर शक्ती पुढे नेतो. झिजून अरुंद झालेला पट्टा खाचेत खाली उतरतो, तळाला टेकतो आणि घसरू लागतो. त्यामुळे ड्रमचे फेरे कमी होतात आणि शेंगा न फुटताच भुसकटासोबत बाहेर पडतात. अशा वेळी अनेकजण ट्रॅक्टरचा वेग वाढवतात. त्याने घसरणारा पट्टा आणखी तापतो. पंख्याचा पट्टा वेगळा आणि चांगला असेल, तर पंखा मात्र जोरात फिरतो आणि भुसकटासोबत दाणेही उडून जातात.

पट्टा बदलण्याची लक्षणे

मोटारीच्या टायमिंग बेल्टसाठी कंपनी किलोमीटर किंवा वर्षांची मुदत देते. मळणी यंत्राच्या पट्ट्याला अशी एकच मुदत लावता येत नाही. धूळ, ऊन, ताण आणि साठवण यांवर त्याचे आयुष्य ठरते. पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास पट्टा बदला.

- आतील बाजूस आडव्या भेगा पडणे, रबराचे तुकडे निघणे.
- कडांचे धागे सुटणे.
- बाजू काचेसारख्या गुळगुळीत होऊन चमकणे.
- ताण देऊनही पट्टा घसरणे, करकर आवाज किंवा जळका वास येणे.
- ताण देण्याची जागा संपणे.

एका पुलीवर दोन किंवा तीन पट्टे असतील, तर सर्व एकाच वेळी बदला. जुना पट्टा ताणलेला असल्याने नव्यावर जास्त भार येतो आणि तो लवकर खराब होतो.

सोबत काय तपासावे?

- पुली : खाचेचा तळ चकाकत असेल किंवा बाजू आत खोलगट झाल्या असतील, तर पुली बदला. झिजलेल्या पुलीवर नवा पट्टा टिकत नाही.
- बेअरिंग : पट्टा काढून पुली हाताने फिरवा. खरखर जाणवली किंवा शाफ्ट हलला, तर बेअरिंग बदला.
- सरळ रेषा : दोन्ही पुलींच्या कडांना दोरी ताणून धरा. दोरी चारही ठिकाणी टेकली पाहिजे.
- ताण देणारी पुली आणि बोल्ट : गंज काढा. आटे खराब असल्यास बोल्ट बदला.

नवा पट्टा बसवताना

1. जुन्या पट्ट्यावरील क्रमांक पाहूनच खरेदी करा. उदाहरणार्थ, ‘बी ७२’ म्हणजे बी प्रकारचा, सुमारे १७ मिमी रुंदीचा आणि ७२ इंच आतील लांबीचा पट्टा.
2. मोटर किंवा ताण देणारी पुली सैल करून पट्टा बसवा. पहार किंवा स्क्रू ड्रायव्हरने ओढून चढवल्यास आतील धागे तुटतात.
3. दोन पुलींमधील पट्ट्याच्या मध्यावर दाबून ताण पाहा. १०० सेंमी अंतर असल्यास पट्टा सुमारे १६ मिमी दबावा. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असल्यास तेच पाळा.
4. नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल पडतो. पहिल्या दिवसाच्या कामानंतर ताण पुन्हा तपासा.
5. घसरण थांबवण्यासाठी राळ, डांबर किंवा ग्रीस लावू नका. त्यावर धूळ चिकटते आणि तेलकट पदार्थाने रबर फुगते.

सुरक्षितता

पट्टा तपासण्यापूर्वी यंत्र पूर्ण थांबू द्या. ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात ठेवा; विजेची मोटर असल्यास फ्यूज काढा. काम झाल्यावर पट्ट्यावरील जाळी परत बसवल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. चालू यंत्राजवळ पदर, ओढणी, उपरणे किंवा सैल बाह्या पट्ट्यात ओढल्या जाऊन हात गमावण्याची वेळ येते.

हंगामानंतर

ताण सैल करून पट्टे काढा, कोरड्या कापडाने पुसा आणि ऊन व उंदरांपासून दूर सावलीत ठेवा. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे सोयाबीन काढणीपूर्वी, वरील तपासणी पूर्ण करा. प्रत्येक मापाचा एक जादा संच घरी ठेवला, तर पाऊस तोंडावर असतानाही मळणी थांबणार नाही.