या उन्हाळ्यात वऱ्हाड वाचायचं आहे

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले, निकालपत्रकं भरून दिली आणि अकोल्याचं ऊन 45 अंशांकडे निघालं. आता दुपारी बारानंतर घराबाहेर पडायची सोय नाही. आमच्या विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे हातात दीडेक महिना आहे. दरवर्षी या दिवसांत मी पुस्तकांची लांबलचक यादी करतो आणि कूलरसमोर पडल्या पडल्या अर्धीही संपवत नाही. यंदा यादी छोटी आहे, कारण तिच्यामागे एका मुलाचा प्रश्न आहे.

फेब्रुवारीत आठवीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. धड्यात एका किल्ल्याचा उल्लेख आला. मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "सर, अपन लोग बाहर से आये क्या?" सगळा वर्ग एकदम गप्प झाला. मी म्हणालो, "पुढच्या तासाला सांगतो." पुढच्या तासाला मी विभक्ती शिकवली.

ही गोष्ट मनाला लागून राहिली. बी.एड.ला इतिहासाची अध्यापनपद्धती शिकलो होतो, पण या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. घाईघाईत देण्यासारखी दोन उत्तरं होती. एक, "छे, आपण सगळे इथलेच." दुसरं, "आपल्या लोकांनी इथे राज्य केलं." पहिल्यानं मुलाची समजूत निघते, दुसऱ्यानं त्याची छाती फुगते. इतिहास मात्र दोन्हींत नाही. तो शोधायला म्हणून यंदा मी फक्त आपलं वऱ्हाड वाचायचं ठरवलं आहे.

सुरुवात इमादशाहीपासून करणार आहे. माझं आजोळ अचलपूरचं. लहानपणी सुट्टीत हौज कटोऱ्याच्या बाजूला खेळायला जायचो, पण हे गाव एका राज्याची राजधानी होतं हे मला कॉलेजात कळलं. बहमनी राज्य फुटलं तेव्हा फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कानं 1490 मध्ये इथे स्वतंत्र राज्य उभं केलं. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं ते जिंकून घेतलं. इतिहासकार फरिश्ता सांगतो की हा फतहुल्लाह मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या हिंदू घरचा. लहानपणी लढाईत कैद झाला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या हाती आला आणि मुसलमान म्हणून वाढला. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. हेच चिन्ह विजयनगरच्या नाण्यांवरही सापडतं.

म्हणजे वऱ्हाडचा पहिला सुलतान बाहेरूनच आला होता, पण दक्षिणेकडून, आणि तोही कैदी म्हणून. त्याची हकीकत लिहून ठेवणारा फरिश्ता मात्र खरोखर दूरचा, कॅस्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. 'बाहेरचा' आणि 'इथला' हे शब्द वर्गात वापरण्याआधी मलाच नीट समजून घ्यायला हवेत. फरिश्त्याचं पुस्तक फारसीत आहे. माझं फारसी कामचलाऊ, म्हणून मी उर्दू अनुवादावर भिस्त ठेवली आहे. मे महिन्यात मुलांना घेऊन चिखलदऱ्याला जाऊ तेव्हा तो दरवाजाही त्यांना दाखवीन. घरचे थंड हवेसाठी येतील, मी गंडभेरुंडासाठी.

दुसरं वाचन 'आईन-ए-अकबरी'तल्या वऱ्हाड सुभ्याच्या प्रकरणाचं. 1596 मध्ये चांदबीबीनं वऱ्हाड मोगलांना दिलं आणि शहजादा मुराद बाळापूरजवळच्या शहापूरला राहू लागला. अबुल फजलनं महाल, किल्ले, महसूल असं सगळं नोंदवलं आहे. मला त्यात सर्वांत जास्त आवडली ती एक छोटी नोंद. तो म्हणतो, या मुलखाचं मूळ नाव 'वरदातट', म्हणजे वर्धा नदीचा काठ. ही व्युत्पत्ती बरोबर की चूक ते भाषातज्ज्ञ बघतील. पण मोगल दरबारातला एक विद्वान फारसी ग्रंथ लिहिताना आपल्या नदीचं नाव विचारून घेतो, 'तट' या शब्दाचा अर्थ समजून घेतो, हे मला वर्गात सांगायचं आहे.

तिसरं पुस्तक माझ्या उर्दू शाखेच्या सहकाऱ्यांना नवलाचं वाटतं: म्हाइंभटाचं 'लीळाचरित्र'. मी मराठी शिकवतो आणि मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ आमच्याच अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला, तेराव्या शतकात तयार झाला. तरी मी तो पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यापलीकडे कधी वाचला नाही. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत एका मित्राकडून मिळाली आहे. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटानं त्यांना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. त्याची ही रीत मला शिकून घ्यायची आहे. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे. मराठीचं हे माहेरघर जेवढं इतरांचं तेवढंच माझ्या आठवीच्या मुलांचंही आहे. हे त्यांना सांगायचं तर आधी मी ते पुस्तक वाचलेलं असावं.

शेवटी 1803 साल. 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांच्या फौजेची आणि वेलस्लीची लढाई झाली. 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. भोसल्यांच्या बाजूनं मुसलमान शिपाईही लढत होते. आणि अचलपूरचा नवाब सलाबतखान? तो निजामाचा सरदार म्हणून इंग्रजांच्या बाजूला होता. कोण कोणाच्या बाजूनं लढलं याचा हिशेब धर्मावरून करायला गेलं तर अडगावच्या मैदानात तो जमत नाही. पुढे 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि 1870 मध्ये लायलनं वऱ्हाडचं गॅझेटियर काढलं. तेही चाळणार आहे, पण जपून. फरिश्ता विजापूरच्या दरबारात बसून लिहीत होता, अबुल फजल बादशहासाठी आणि लायल महसूल गोळा करणाऱ्या सरकारसाठी. कोण कोणासाठी लिहितो हे विचारायची सवय मुलांना लागली तर मला बाकी काही नको.

हे सगळं वाचताना मला सेतुमाधवराव पगडींची आठवण येते. निलंग्याचा हा माणूस मराठी, उर्दू आणि फारसीत सहज वावरला. खाफीखानासारख्यांचे फारसी ग्रंथ त्यांनी मराठी वाचकाला वाचायला दिले. माझी तेवढी ऐपत नाही. पण ज्यांना दोन्ही लिप्या येतात त्यांनी एकाच लिपीत बसून राहणं मला आता बरोबर वाटत नाही. आमच्या शाळेतल्या उर्दूच्या कपाटात बगदाद आहे, दिल्ली आहे, लखनऊ आहे. अचलपूर नाही, बाळापूर नाही, रिद्धपूर तर नाहीच. म्हणून या दीड महिन्यात वाचलेल्यातून उर्दूत वीस पानं लिहायची, वर्गापुरती, असं मनात आहे. वीस नाही जमली तर दहा.

शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात त्या मुलाला बोलवीन. आता तो नववीत असेल, त्याचा प्रश्न तो विसरलाही असेल. त्याला सांगेन, "काही लोक बाहेरून आले, बरेचसे इथलेच होते, आणि आलेलेही इथल्याच मातीत गेले. तुझ्या घरचं काय झालं, ते तुझ्या दादा-दादीला विचारून लिहून आण." म्हाइंभटानं केलं ते नववीच्या मुलालाही थोडंफार जमेल.

आणि वाचकहो, एक विनंती. नानी गेल्यावर तिची पेटी उघडली तेव्हा तळाशी काही जुने कागद निघाले. काही फारसीत होते, काही मोडीत. वाळवीनं निम्मे खाल्लेले. आमच्या घरात ते वाचू शकणारं कोणीच नव्हतं. उन्हाळ्यात सामान उन्हाला घालताना तुमच्याही घरी अशी एखादी पेटी निघेल. रद्दीत घालण्याआधी एकदा कुणाला तरी दाखवा.